वरातीच्या गाडीची शर्यत

सोलापुरात उघड्या मोटारीत बसायचा मान दोनच माणसांना मिळतो. एक निवडून आलेल्याला आणि दुसरा लग्न ठरलेल्याला. पहिला मी कधी होणार नव्हतो आणि दुसरा होऊन इतका काळ लोटला होता की तो मान परत मागायची सोय नव्हती. तरीही बँकेतून निवृत्त झालेला, नुकतीच कवळी बसवलेला मी उघडी स्पोर्ट्स कार घ्यायला निघालोय, ही बातमी शुक्रवार पेठेत फुटली आणि लोक माझ्याकडे जरा निरखून बघायला लागले. समोरचे किराणा दुकानदार निंगप्पा यांनी तर सरळ माझ्या बायकोलाच गाठलं.

"वहिनी, साहेबांची शुगर बघितली का हो एवढ्यात?"

दिपाली म्हणाली, "बघितली. नॉर्मल आहे. तेच तर कळत नाही."

या सगळ्याच्या मुळाशी होता ताबीश. ताबीश आणि मी पहिलीपासून एका बाकावरचे. पुढं मी बँकेत चिकटलो, त्यानं ट्रकचा धंदा केला, पण संध्याकाळचा चहा एकत्र घ्यायचा नेम काही मोडला नाही. त्याची बायको कौसरभाभी गेल्यापासून तो सकाळचा चहाही आमच्याकडेच घ्यायला लागला. एक दिवस खारी चहात बुडवता बुडवता तो म्हणाला, "नाजनीन ऐकंना झालीय. दिवाळी झाली की हैदराबादला चल म्हणती. कायमचं."

नाजनीन त्याची एकुलती मुलगी. मी म्हटलं, "बरं झालं की. म्हातारपणी पोरीजवळ असलेलं बरं." एवढं शहाणपण सांगून मी त्याच्या बशीतली खारी खाल्ली आणि तो गेल्यावर जेवलो नाही. मला वाईट वाटलं होतं, फारच वाईट वाटलं होतं. पण साठीच्या पुढच्या दोन पुरुषांनी हे एकमेकांना सांगायची पद्धत आपल्याकडे नाही. आपल्याकडे अशा वेळी एखादा नसता उद्योग अंगावर ओढून घेतात.

उद्योग त्याच आठवड्यात चालून आला. माझी पुतणी अंकिता पुण्यात नोकरी करते आणि उरलेल्या वेळात मोटारींच्या एका क्लबात असते. तिचा फोन आला. "काका, आमचा ट्रॅक डे तुमच्या भागात होतोय." ट्रॅक डे म्हणजे काय, हे तिनं मला समजावलं ते असं: हौशी लोकांनी आपापल्या गाड्या घेऊन जायचं, बंद जागेत गोल गोल पळवायच्या आणि घरी परत यायचं. बक्षीस नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. श्रीपूरच्या पुढं एका साखर कारखान्याचं उसाच्या गाड्या उभ्या करायचं मैदान गळीत हंगाम सुरू होईपर्यंत रिकामंच असतं, तिथं हा कार्यक्रम होता. "ओपन कार्सची वेगळी कॅटेगरी आहे," ती म्हणाली, "पण त्यात अजून कुणीच नाही."

मी हे ताबीशला गंमत म्हणून सांगितलं. तो हसला नाही. कप खाली ठेवून म्हणाला, "उघडी गाडी पळवायची राहिलीच की रे आपली."

इथं बडेसाबबद्दल सांगायला हवं. आमच्या लहानपणी अख्ख्या पेठेत मिळून एक उघडी गाडी होती, ती बडेसाबची. मूळची साधी अँबॅसिडर. बडेसाबनं तिचं छत कापून काढलं, मागं मखमलीची उंच बैठक केली, बाहेरच्या अंगाला रबरी फुग्याचा भोंगा लावला आणि ती वरातीला द्यायला सुरुवात केली. लिंगायताचं लग्न असो, पद्मशाल्याचं असो की मोमिनांचं, नवरदेव बसणार बडेसाबच्याच गाडीत. पुढं बँड, डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या बायका, आणि मागून पांढरा कोट, काळा चष्मा घातलेले बडेसाब माणसाच्या चालीनं गाडी आणणार. तिच्या मडगार्डला हात लावून चालायला मिळावं म्हणून मी आणि ताबीश गृहपाठ सोडून पळायचो. मोठेपणी ही गाडी घ्यायची आणि विजापूर रस्त्यानं सुसाट पळवायची, हे आमचं ठरलेलं होतं. भांडण नको म्हणून कामंही वाटून घेतली होती. मी चालवायची, त्यानं भोंगा वाजवायचा. एकदा धीर करून आम्ही बडेसाबना विचारलं, "चाचा, ही पळते का?" ते म्हणाले, "पळायला काय, पळल की. पण पळवली तर घर लवकर येतं, बाळ." आम्हाला तेव्हा हे उत्तर अगदीच भिकार वाटलं होतं.

पुढं माझी वरात त्याच गाडीतून निघाली. ताबीश पुढं इतका नाचला की त्याच्या बुटाचा तळ निघाला. त्याच्या लग्नात मी नाचलो. मला नाचता येत नाही, हे त्या दिवशी सगळ्या पेठेला कळलं आणि अजून ते कुणी विसरलेलं नाही.

पण गाडी घ्यायची म्हटल्यावर आमच्या मनात आधी बडेसाबची आली नाही, हेही खरं. शिकलेली माणसं आधी शोरूममध्ये जातात. आम्हीही पुण्याला गेलो. तिथं लाल रंगाची, दोन माणसांची, जमिनीला टेकलेली परदेशी गाडी होती. बटण दाबलं की छत आपोआप घडी होऊन मागं जाई. विक्रेता फार अदबीचा होता. "सर, बसून बघा ना." मी बसलो. म्हणजे बसलो असं नाही, कंबरेपासून सुटलो आणि सीटवर पडलो. मग त्यानं मला इंजिनाबद्दल सगळं सांगितलं. मी गंभीरपणे मान हलवली. "आता उठून बघा, सर." इथं अडलं. गुडघे कानापाशी होते आणि हात धरायला वरती काही नव्हतं, कारण छत मीच हौसेनं उघडायला लावलं होतं. शेवटी त्या विक्रेत्यानं एक बगल धरली, ताबीशनं दुसरी, आणि "हां, जोर लावून" अशा आवाजात मला बाहेर काढलं. शोरूममधल्या इतर गिऱ्हाइकांनी सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं, त्यामुळे मला जास्तच लाज वाटली.

"मला ही नको," बाहेर आल्यावर मी ताबीशला म्हटलं. "रंग भडक आहे."

"हौ, रंगच भडक होता," ताबीश म्हणाला. खरा मित्र असाच असतो.

पेठेत परतल्यावर सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. निंगप्पा म्हणाले, "अनिलकुमार, सोलापूरच्या उन्हात ओपन गाडी कशाला हो? तुमचं डोकं आधीच ओपन हाय." शेजारचे रावजी ट्रॅक्टर घ्या म्हणाले. तोही उघडाच असतो आणि वर नांगरतो. कुणी म्हणालं, जुनी जीप घ्या, कुणी म्हणालं, साध्या गाडीच्या काचा खाली करा, तेवढाच वारा लागतो. दिपाली ताटं पुसत होती. मग हळूच म्हणाली, "बडेसाबचाचांची गाडी इमामबींच्या अंगणात अजून उभी आहे म्हणे." आम्ही दोघं शहाणे एकमेकांकडे बघत राहिलो.

इमामबी म्हणजे बडेसाबच्या पत्नी. बडेसाब जाऊन बरीच वर्षं झाली. आता वरातीला घोडे येतात, डीजे येतो, गाडीला कुणी विचारत नाही. इमामबींनी गाडीवरची ताडपत्री आम्हाला ओढायला लावली. मखमल विटली होती, भोंग्याचं रबर कडक झालं होतं, पण गाडी होती. मला एकदम ते मोगऱ्याचे आणि रॉकेलचे वास आठवले.

"न्या बेटा," इमामबी म्हणाल्या. "नावावर करून घ्या. पण त्यांनी जशी ठेवलीय तशीच राहू द्या. आणि हार घातल्याबिगर ती दारातनं कधी निघाली नाही, तेवढं पाळा."

ताबीशनं त्याच्या जुन्या मेस्त्रीकडून इंजिन जागं करून घेतलं आणि गाडी स्वतः चालवत माझ्या दारात आणली. त्याला यायला बराच वेळ लागला, पण पाइपलाइनसाठी सगळा रस्ता उकरलेला होता, त्यामुळे मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी चालवू का म्हटल्यावर तो म्हणाला, "नको. तू मैदानात. ठरलंय तसं."

आता कागद. आरटीओतल्या निरीक्षकांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मग कागद बघितले, मग पुन्हा गाडी बघितली.

"कागदावर बंद गाडी आहे. छत कुठाय?"

"ते काढलंय, साहेब."

"ते दिसतंय मला. काढलेलं कुठाय?"

प्रश्न अगदी सरळ होता. आम्ही पुन्हा इमामबींकडे गेलो. छत होतं. अंगणाच्या कोपऱ्यात चार खांबांवर ते निवांत बसलं होतं आणि त्याच्याखाली शेळ्या. इमामबी म्हणाल्या, छत न्या, पण माझ्या शेळ्यांना सावली द्या. म्हणून माझ्या स्कूटरवरचा पत्रा शेळ्यांना गेला. स्कूटरला सावली नाही म्हणून ती निंगप्पांच्या दुकानाच्या आडोशाला गेली. तिथं त्यांची कांद्याची पोती ठेवायची जागा अडली म्हणून पोती रस्त्याच्या कडेला माझ्या दाराशेजारी आली. एका शेळीला नवा पत्रा पसंत नव्हता. ती छताबरोबर टेम्पोत चढली आणि तिला उतरवताना माझ्या सदऱ्याची बाही गेली.

निरीक्षकांनी छताच्या आतून हात फिरवला. "याला शेळीचा वास येतोय."

"नियमात वासाचं काही आहे का, साहेब?" ताबीशनं नम्रपणे विचारलं.

मी समजावलं की साहेब, आजकाल कन्व्हर्टिबल म्हणून गाड्या येतात, त्यांचं छत निघतं आणि बसतं. आमचंही तसंच आहे, फक्त बटणाऐवजी चार माणसं लागतात. साहेबांनी गाडीभोवती आणखी एक फेरी मारली. मग त्यांनी मखमलीच्या बैठकीवर बोट ठेवून विचारलं, "ही बडेसाबची का?" आम्ही हो म्हटलं. "आमच्या वडलांची वरात हिच्यातनं निघाली होती," ते म्हणाले. मला वाटलं, झालं काम. पण ते कर्तव्याचे पक्के निघाले. "छत नीट बसवून पास करून घ्या, मग रस्त्यावर. तोवर ट्रकवर घालून कुठंही न्या. ट्रकवरच्या सामानाला मी छत विचारत नाही."

तेव्हा आमची स्पोर्ट्स कार ट्रकवर बसून, रस्त्याकडेचा ऊस बघत बघत मैदानाला निघाली. पुढं झेंडूचा एवढा थोरला हार, कारण इमामबींनी तो स्वतः ओवून पाठवला होता. मैदानावर पुण्या-मुंबईच्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या, एकीपेक्षा एक चपट्या. आमची ट्रकवरून फळ्यांवरनं उतरली तेव्हा सगळे मोबाईल तिच्याकडे वळले. अंकिता धावत आली. "काका, हे काय आणलंत?"

"ओपन कॅटेगरी," मी म्हटलं.

तिनं आम्हाला हेल्मेट दिली. माझं हेल्मेट कवळीवर दाबत होतं, त्यामुळे त्यानंतरचं माझं सगळं बोलणं बोबडं झालं आहे, पण ते मी इथं शुद्ध करून देतो. ताबीश शेजारी बसला आणि त्यानं भोंग्यावर हात ठेवला. निशाण पडलं. मी आयुष्यभर राखून ठेवलेल्या जोरानं पाय दाबला.

गाडी चालायला लागली, म्हणजे चालायलाच लागली. आमच्या दोन्ही बाजूंनी सगळ्या गाड्या सूं करत गेल्या आणि धुळीत आम्ही दोघं उरलो. मी आणखी दाबलं. पाय पुढं जाईना. कडेला अंकिता तोंडावर हात ठेवून उभी होती. तिच्या क्लबातली माणसं हसत होती. बँकेत माझ्या सहीशिवाय तिजोरी उघडत नसे, हे त्यांना कोण सांगणार?

"ताबीश, पेडल अडकलंय."

"अडकलेलं नाही. खाली ठोकळा आहे."

"कसला ठोकळा?"

"लाकडाचा. बडेसाबचा. नवऱ्याचे दोस्त पिऊन गाडी मागायचे, पळवायचे. म्हणून त्यांनी खाली ठोकळा बसवला. कितीबी दाब, माणसाच्या पुढं जात नाही."

"तुला कधी कळलं?"

"अंगणातनं काढली तेव्हाच. ट्रकमध्ये आयुष्य गेलं की रे माझं."

"मग काढला का नाहीस? एवढी माणसं हसायला लागली."

"हातानं निघतो. काढू?" तो खाली वाकला सुद्धा. मग तसाच वाकलेला राहून म्हणाला, "पण बघ अनिल. पळवली की ही फेरी आत्ता संपली. मग गाडी ट्रकवर, आपण घरी, आणि मग दिवाळीच."

माझा पाय पेडलवरच होता. समोर मैदान मोकळं होतं आणि मागून त्या चपट्या गाड्या दुसरी फेरी घेत येत होत्या. मला पळवायची होती. शाळेपासून पळवायची होती, आणि अंकिताच्या समोर तर फारच. पण बडेसाबचं ते भिकार उत्तर मला त्या क्षणी समजलं आणि ते समजायला मी एवढा उशीर केला याचा रागही आला.

"राहू दे," मी म्हटलं.

ताबीश सरळ बसला आणि त्यानं भोंगा वाजवला. आवाज घोगरा निघाला, पण निघाला.

बहुतेक त्या आवाजानंच पुढचा घोळ झाला. मैदानाच्या पलीकडं सांगोल्याकडच्या मेंढपाळांचा तळ होता. मेंढ्यांचा वाडा दुसरीकडे हलवायची त्यांची वेळ होती. भोंगा ऐकून एक मेंढी कुंपणाच्या फटीतून आत आली, आणि एक मेंढी आली की पुढं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. अख्खा कळप मैदानात उतरला. लाल निशाण फडकलं. जगातल्या उत्तमोत्तम गाड्या ब्रेक लावून उभ्या राहिल्या. चालत होती फक्त आमची, कारण तिचा आणि मेंढ्यांचा वेग एकच होता.

कळपामागून सिदू नावाचा मेंढपाळ आणि त्याची आई फुलाबाई आल्या. फुलाबाईंनी झेंडूचा हार बघितला, मखमलीची बैठक बघितली आणि माझ्या दाराशी येऊन विचारलं, "वरात हाय व्हय? नवरदेव कुटं हाय?"

मी काही बोलायच्या आत ताबीश म्हणाला, "नवरदेव नाही, मावशी. मी गाव सोडून चाललोय. पोरीकडं."

"कायमचा?"

"हौ."

फुलाबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. "मग हितं फुडं काय बसलास? मागं बस की वर. जाणाऱ्याला वाजवत घालवावं." आणि सिदूला म्हणाल्या, "ढोल काढ रं."

सिदूनं बिरुदेवाच्या जत्रेतला ढोल काढला. ताबीश नको नको म्हणत हेल्मेटसकट मागं मखमलीवर चढला. पुढं मेंढ्या, मग ढोल, मग आमची गाडी, आणि मागं, दुसरा इलाजच नसल्यामुळे, सगळ्या स्पोर्ट्स कार ओळीनं माणसाच्या चालीनं. पहिल्यांदा त्या चिडून हॉर्न वाजवत होत्या. थोड्या वेळानं ढोलाच्या ठेक्यात वाजवायला लागल्या. अंकिता धावत आली आणि मडगार्डला हात लावून चालू लागली. तिला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. मी आरशात बघितलं तर ताबीश हेल्मेटची काच खाली करून बसला होता. धूळ फार होती. मीही माझी खाली केली.

दिवाळी झाली. ताबीश हैदराबादला गेला. दिपालीनं शेंगाचटणी आणि कडक भाकरी एवढी बांधून दिली की हैदराबादेत दुष्काळ पडलाय असं वाटावं. स्टेशनवर आम्ही गाडीच्या वेळेबद्दल बोललो, हवेबद्दल बोललो.

परवा गाडी दारातून जरा बाजूला घ्यायची होती, निंगप्पांच्या पोत्यांना जागा हवी म्हणून. सवयीनं मी पेडल तळापर्यंत दाबलं. गाडीनं अशी उडी घेतली की थेट कांद्याच्या पोत्यांत. कांदे गल्लीभर. निंगप्पा कन्नडमध्ये काय बोलले ते मला समजलं नाही, हे बरं झालं. मी पेडलखाली हात घालून बघितला आणि ताबीशला फोन लावला.

"ठोकळा कुठाय रे?"

"माझ्या बॅगेत आलाय."

"आपोआप?"

"आता पळव की. तुला पळवायची होती ना."

"पळवली. निंगप्पांना विचार."

तो खूप हसला. मग म्हणाला, "कुरिअर करतो उद्या."

"कुरिअर नको. बसवायचा कसा ते मला येत नाही. तूच घेऊन ये."

"संक्रांतीला, गड्ड्याच्या यात्रेला येतो," ताबीश म्हणाला. "तोवर तिला हलवू नको."

मी हलवलेली नाही. संध्याकाळचा चहा फक्त तिच्यात बसून घेतो, ड्रायव्हरच्या जागेवर. निंगप्पांनी काल ते बघितलं आणि दिपालीला पुन्हा माझ्या शुगरबद्दल विचारलं. "नॉर्मल आहे," ती म्हणाली, आणि शेजारच्या सीटवर खारीची दुसरी बशी ठेवून आत गेली.